डेटाबेसमधील मजकूर एक्सपोर्ट करताना एन्कोडिंग आणि ओळींचे शेवट ताब्यात कसे ठेवावेत

डेटाबेसमधून बाहेर काढलेला मजकूर फाइलमध्ये केवळ बाइटची रांग म्हणून उरतो. टेबलमध्ये असताना त्या मजकुराचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत, कोणते, एक नोंद कोठे संपते, कोणता कॉलम रिकामा आहे आणि कोणत्यात मुळात मूल्यच नाही, हे सगळे डेटाबेस सांभाळत असतो. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये यांपैकी काहीही आपोआप जात नाही. म्हणून एक्सपोर्टची आज्ञा लिहिताना दोन गोष्टी स्वतः ठरवून स्पष्टपणे लिहाव्यात: फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये लिहायची, आणि प्रत्येक नोंदीच्या अखेरीस कोणते बाइट टाकायचे. आपण त्या लिहिल्या नाहीत, तरी त्या ठरतातच. फक्त त्या ठरवण्याचे काम क्लायंट प्रोग्राम, शेल (आज्ञा टाइप करण्याचा प्रोग्राम) किंवा ऑपरेटिंग सिस्टिम करते, आणि त्या तिघांचे डीफॉल्ट एकमेकांशी जुळतील याची कोणतीही खात्री नसते.

पुढे पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल या चार डेटाबेसचा विचार केला आहे. आज्ञा आणि पर्याय यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत द्यावी लागतात.

फाइल कोण वाचणार, हे आधी पाहावे

एन्कोडिंगची निवड आपल्या सोयीने न करता फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामकडे पाहून करावी. फाइल दुसऱ्या डेटाबेसमध्ये किंवा लिनक्सवरील एखाद्या प्रोग्राममध्ये जाणार असेल, तर यूटीएफ-८, बीओएम या सुरुवातीच्या खुणेशिवाय, आणि ओळीच्या शेवटी फक्त लाइन फीड, म्हणजे सोळाच्या पायातील ०ए हा एकच बाइट, ही निवड जवळजवळ नेहमीच योग्य ठरते. तीच फाइल कोणी एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडणार असेल, तर चित्र बदलते. बीओएम नसलेली सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली) फाइल एक्सेल अशा वेळी विंडोजच्या कोड पेजप्रमाणे, म्हणजे विंडोजच्या जुन्या स्थानिक एन्कोडिंगप्रमाणे, वाचू शकते आणि देवनागरी मजकुराचा चुराडा होतो. म्हणून तेथे यूटीएफ-८ बीओएमसह द्यावे, किंवा वापरणाऱ्याला फाइल थेट न उघडता डेटा इम्पोर्टच्या मार्गाने ६५००१ हे कोड पेज, म्हणजे यूटीएफ-८, निवडून घेण्यास सांगावे.

बीओएम म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीचे ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट. एक्सेलला ते उपयोगी पडतात, पण डेटाबेसचे अनेक लोडर त्यांना मजकुराचाच भाग समजतात. त्यामुळे पहिल्या कॉलमचे शीर्षक स्क्रीनवर अगदी बरोबर दिसते आणि तरीही त्या नावाचा कॉलम सापडत नाही, अशी त्रुटी येते. एकच फाइल दोघांनाही द्यायचा मोह टाळावा आणि दोन वेगळ्या फाइली काढाव्यात. त्याला लागणारा वेळ नगण्य असतो.

ओळीच्या शेवटाबद्दल ऑक्टोबर २००५ मधील आरएफसी ४१८० हा दस्तऐवज सीएसव्हीसाठी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी जोडी, म्हणजे ०डी ०ए, सांगतो. प्रत्यक्षात बहुतेक वाचक प्रोग्राम नुसते लाइन फीडही स्वीकारतात. न चालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे एकाच फाइलमध्ये दोन्ही प्रकारांची सरमिसळ. पोस्टग्रेएसक्यूएलची कॉपी फ्रॉम ही आज्ञा तर ओळींचे शेवट एकसारखे नसतील, तर तक्रार करून थांबते, आणि तिचे हे वागणे अगदी योग्य आहे.

एका अक्षराचे काय होते

बिघाड ओळखता यावा म्हणून एक अक्षर जवळून पाहू. युनिकोडमध्ये ‘क’ चा क्रमांक ०९१५ आहे. यूटीएफ-८ मध्ये तो ई०, ए४, ९५ अशा तीन बाइटांत लिहिला जातो; देवनागरी विभागातील प्रत्येक चिन्हाला असेच तीन बाइट लागतात. हीच फाइल कोणी विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांचे विंडोजचे कोड पेज) समजून उघडली, तर त्या तीन बाइटांची तीन वेगळी चिन्हे दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेले लॅटिन अक्षर, मग चलनाचे सर्वसाधारण चिन्ह आणि मग एक ठळक ठिपका. पडद्यावर अशी तिकडी पुन्हा पुन्हा दिसली की समजावे, बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्याने चुकीचे एन्कोडिंग धरले आहे. फाइल त्याच अवस्थेत पुन्हा सेव्ह न करता योग्य एन्कोडिंगने उघडली की मजकूर जसाच्या तसा परत मिळतो.

ती सेव्ह झाली, तर मात्र ती तीनही चिन्हे स्वतंत्रपणे यूटीएफ-८ मध्ये लिहिली जातात आणि ‘क’ चे सात बाइट होतात: सी३ ए०, सी२ ए४, ई२ ८० ए२. हे दुहेरी एन्कोडिंग. तेही उलटवता येते, पण मधल्या काळात कोणी मजकुरावर हात फिरवलेला नसेल तरच. ‘ठ’ चा शेवटचा बाइट ए० आहे, आणि विंडोज-१२५२ मध्ये ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. जास्तीच्या मोकळ्या जागा काढून टाकणारी एखादी सफाईची पायरी अशा मजकुरावरून गेली की तो बाइट नाहीसा होतो आणि ‘ठ’ परत मिळवता येत नाही.

प्रश्नचिन्हांची गोष्ट याहून गंभीर आहे. अक्षरांच्या जागी साधी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर बहुतेक वेळा ते अक्षर ज्या एन्कोडिंगमध्ये अस्तित्वातच नाही, अशा एन्कोडिंगमध्ये रूपांतर झालेले असते आणि मूळ बाइट त्याच क्षणी गेलेले असतात. अशी फाइल दुरुस्त करत बसू नये. टाकून द्यावी आणि एक्सपोर्ट नव्याने करावा. रिकामे चौकोन दिसत असतील, तर मात्र बरेचदा फाँटमध्ये ते अक्षर नसते इतकेच.

एक्सपोर्टला दोष देण्यापूर्वी टेबलमध्ये नेमके काय आहे तेही पाहावे. मायएसक्यूएलमध्ये हेक्स हे फंक्शन, ओरॅकलमध्ये डम्प हे फंक्शन १०१६ या दुसऱ्या मूल्यासह, आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट टू व एन्कोड ही फंक्शने एकात एक वापरून कॉलममधील मूळ बाइट दिसतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनव्हारचार कॉलमचे व्हारबायनरीत रूपांतर केल्यास ‘क’ साठी १५ ०९ असे दोनच बाइट दिसतात, कारण तेथे यूटीएफ-१६ वापरले जाते आणि कमी वजनाचा बाइट आधी येतो. यूटीएफ-८ मध्ये मजकूर साठवणाऱ्या कॉलममध्येच वरचे सात बाइट सापडले, तर एक्सपोर्ट निर्दोष आहे. चूक मजकूर आत येताना झालेली आहे.

डेटाबेसनुसार आज्ञा

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये काम सर्वांत सरळ आहे. कॉपी आज्ञेत एन्कोडिंग हा पर्याय थेट देता येतो. तो दिला नाही, तर क्लायंट एन्कोडिंग वापरले जाते आणि ते पीजीक्लायंटएन्कोडिंग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून किंवा पीएसक्यूएल या क्लायंट प्रोग्राममधील एन्कोडिंग या आज्ञेने ठरते. डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढणाऱ्या पीजी डम्पला हाच पर्याय मोठ्या लिपीतील ई या स्विचने मिळतो. एखादे अक्षर निवडलेल्या एन्कोडिंगमध्ये बसत नसेल, तर पोस्टग्रेएसक्यूएल गुपचूप प्रश्नचिन्ह न टाकता त्रुटी देऊन थांबते. ती त्रुटी टाळण्यासाठी पळवाट शोधू नये. एक अपवाद लक्षात ठेवावा: डेटाबेसचे स्वतःचे एन्कोडिंग एसक्यूएल आस्की असेल, तर कोणतेही रूपांतर होत नाही आणि जे बाइट आत आहेत तेच बाहेर येतात. ओळीच्या शेवटाचा नियमही माहीत असावा. कॉपी आज्ञा सर्व्हरवरील फाइलमध्ये लिहीत असेल आणि सर्व्हर विंडोजवर असेल, तर ओळी ०डी ०ए ने संपतात. स्टँडर्ड आउटपुटकडे पाठवलेला डेटा मात्र सर्व्हर कोणत्याही सिस्टिमवर असला तरी ०ए नेच संपतो. म्हणून सगळीकडे एकसारखी फाइल हवी असेल, तर दुसरा मार्ग घ्यावा.

मायएसक्यूएलमध्ये सिलेक्ट इंटू आउटफाइल वापरताना कॅरेक्टर सेट हा भाग कधीही वगळू नये. तो वगळला की रूपांतर होत नाही, आणि क्वेरीतील कॉलम वेगवेगळ्या कॅरेक्टर सेटचे असतील, तर एकाच फाइलमध्ये दोन एन्कोडिंग मिसळतात. अशी फाइल पुन्हा नीट लोड करता येईलच असे नाही. येथे नावाचाही घोळ आहे. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ हे नाव दीर्घकाळ जास्तीत जास्त तीन बाइटांच्या अक्षरांपुरतेच होते. देवनागरी त्यात बसते, त्यामुळे दोष लक्षात येत नाही. इमोजीसारखी चार बाइटांची चिन्हे मात्र त्यात बसत नाहीत. म्हणून टेबल, कनेक्शन आणि एक्सपोर्ट या तिन्ही ठिकाणी ‘यूटीएफ८एमबी४’ हेच नाव लिहावे. ८.० या आवृत्तीपासून ते डीफॉल्ट आहे, तरीही लिहावे. ओळीचा शेवट लाइन्स टर्मिनेटेड बाय या भागात देता येतो.

एसक्यूएल सर्व्हरच्या बीसीपी या साधनात डब्ल्यू हा स्विच यूटीएफ-१६ देतो. यूटीएफ-८ हवे असेल, तर लहान सी बरोबर मोठ्या लिपीतील सी हा स्विच ६५००१ सह द्यावा लागतो, आणि ती सोय २०१६ च्या आवृत्तीपासून आहे. नोंदीचा शेवट आर या स्विचने ठरतो. तेथे नव्या ओळीची नेहमीची खूण दिल्यास तिच्या आधी कॅरेज रिटर्न आपोआप जोडला जाऊ शकतो. नुसते लाइन फीड हवे असेल, तर ते सोळाच्या पायात, शून्य-एक्स या उपसर्गासह ०ए असे द्यावे. बीसीपी कॉलमला अवतरणचिन्हे लावत नाही, याचे परिणाम पुढे पाहू.

ओरॅकलमध्ये सगळा भार एनएलएस लँग या व्हेरिएबलवर असतो. त्यातील टिंबानंतरचा भाग क्लायंटचे एन्कोडिंग सांगतो. ते डेटाबेसच्या एन्कोडिंगसारखेच असेल, तर रूपांतर होत नाही आणि बाइट तसेच पुढे जातात. आधुनिक डेटाबेससाठी तेथे एएल३२यूटीएफ८ लिहावे; ओरॅकलमधील नुसते यूटीएफ८ हे जुने रूप आहे आणि त्यात चार बाइटांची चिन्हे सहा बाइटांत लिहिली जातात, जी इतर प्रोग्राम नाकारू शकतात. एसक्यूएल प्लसच्या स्पूलने फाइल काढत असाल, तर लाइनसाइझ पुरेसा मोठा ठेवावा, अन्यथा लांब नोंद मध्येच तुटून दोन ओळींत जाते. आणि लाँगचे मूल्यही वाढवावे, कारण ते मुळात ८० असते आणि मोठे मजकूर-कॉलम तेवढ्यावरच कापले जातात.

मजकुराच्या आतल्या नव्या ओळी

नोंदींच्या शेवटांपेक्षा जास्त नुकसान होते ते मजकुराच्या पोटातल्या नव्या ओळींमुळे. शेरा, पत्ता, तपशील अशा कॉलममध्ये वापरणाऱ्याने एंटर दाबलेला असतो आणि तो ०ए किंवा ०डी ०ए म्हणून टेबलमध्ये साठलेला असतो. वेब फॉर्ममधून आलेल्या मजकुरात सहसा जोडी असते, इतर मार्गांनी आलेल्यात एकटा ०ए असतो, त्यामुळे एकाच कॉलममध्ये दोन्ही सापडतात.

यावर प्रत्येक फाइल-प्रकाराचा तोडगा वेगळा आहे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या टेक्स्ट प्रकारात आतली नवी ओळ बॅकस्लॅश आणि लॅटिन एन अशा दोन साध्या अक्षरांत लिहिली जाते, त्यामुळे फाइलमधली एक ओळ म्हणजे एक नोंद हे समीकरण टिकते. मायएसक्यूएलच्या आउटफाइलमध्ये डीफॉल्ट वागणूक वरवर तशीच वाटते, पण ती तशी नाही: तेथे बॅकस्लॅशनंतर खरीखुरी नवी ओळच येते, म्हणजे फाइलमधील ओळ तुटते. एका डेटाबेसची टेक्स्ट फाइल दुसऱ्यात थेट लोड करण्याचा बेत इथेच फसतो. सीएसव्हीत तो कॉलम दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवतात आणि आतले अवतरणचिन्ह दोनदा लिहितात. नवी ओळ आत तशीच राहते. बीसीपीमध्ये तर कोणतेच संरक्षण नाही, त्यामुळे तेथे नोंदीच्या शेवटासाठी मजकुरात कधीच येणार नाही असा अनेक चिन्हांचा क्रम निवडावा.

सर्वांत आधी करायचे काम म्हणजे अशा नोंदी किती आहेत ते मोजणे. ज्या कॉलममध्ये मोकळा मजकूर आहे, त्यात ०डी, ०ए आणि टॅब यांचा शोध घेणारी एक क्वेरी चालवावी. त्यानंतर आतल्या नव्या ओळी राखायच्या की काढायच्या, हा निर्णय मजकुराच्या मालकाने घ्यावा. पत्त्यातील नवी ओळ काढून मोकळी जागा घातली तर फारसे बिघडत नाही. कवितेतील किंवा दस्तऐवजातील नवी ओळ काढणे म्हणजे मजकूर बदलणेच आहे. एकरूपता हवी असेल, तर आधी सर्व ०डी ०ए जोड्यांचे ०ए करावे आणि उरलेले एकटे ०डी नंतर बदलावे. हा क्रम उलटा झाला, तर प्रत्येक जोडीच्या दोन नव्या ओळी होतात.

नव्या ओळी साफ करताना इतर अदृश्य चिन्हेही सरसकट उडवण्याचा मोह होतो. देवनागरीत ते धोक्याचे आहे. ‘दऱ्या’ हा शब्द अनेक ठिकाणी साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे २००डी हे चिन्ह, असा साठवलेला असतो. तो अदृश्य जोडक काढला की त्याचा ‘दर्या’ होतो, आणि हा बदल कोणतीही एन्कोडिंग तपासणी पकडू शकत नाही, कारण दोन्ही वैध यूटीएफ-८ आहेत. काढायच्या चिन्हांची यादी नेमकी लिहावी. ‘सर्व अदृश्य चिन्हे’ असा नियम करू नये.

डेटाबेस आणि फाइल यांच्या मधले टप्पे

आज्ञा निर्दोष असूनही फाइल बिघडते, तेव्हा बहुधा शेल कारणीभूत असते. विंडोज पॉवरशेलच्या ५.१ या आवृत्तीत आउटपुट बाणाच्या चिन्हाने फाइलकडे वळवले की ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. मायएसक्यूएल डम्प असा घेतला, तर तो परत लोडच होत नाही, कारण यूटीएफ-१६ हे कनेक्शनचे एन्कोडिंग म्हणून चालत नाही. त्यासाठी डम्पच्या आज्ञेतील रिझल्ट फाइल हा पर्याय वापरावा. विंडोजवर ०ए चे ०डी ०ए होणेही त्यानेच थांबते. नियम म्हणून सांगायचे तर, साधनाला फाइल स्वतः लिहिण्याची सोय असेल, तर शेलकडून लिहून घेऊ नये.

पायथनने सीएसव्ही लिहीत असाल, तर फाइल उघडतानाच एन्कोडिंग द्यावे आणि न्यूलाइन या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग द्यावी. ती दिली नाही, तर विंडोजवर ०डी ०डी ०ए असा विचित्र शेवट तयार होतो आणि एक्सेलमध्ये प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ दिसते. एफटीपीने पाठवताना बायनरी मोड ठेवावा, कारण आस्की मोड ओळींचे शेवट बदलतो. गिटमध्ये ठेवलेल्या फाइलींवर ऑटोसीआरएलएफ हा पर्याय हेच करू शकतो.

बाइट पाहून खात्री करावी

एडिटरमध्ये मजकूर नीट दिसला म्हणजे फाइल नीट आहे असे होत नाही. एडिटर एन्कोडिंगचा अंदाज बांधतात आणि ओळींचे मिश्र शेवट पोटात घालतात. एक्सएक्सडी किंवा ओडी या साधनाने पहिले काही बाइट पाहावेत: बीओएम हवा असेल तर तो आहे का, नको असेल तर नाही ना. संपूर्ण फाइल वैध आहे की नाही यासाठी आयकॉन्व्ह हे साधन यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच रूपांतर करायला लावावे; कोठेही अवैध बाइट असेल, तर ते त्रुटी देते. ‘फाइल’ नावाची आज्ञा केवळ अंदाज सांगते, तिच्यावर विसंबू नये. त्यानंतर शेवटी ०डी असलेल्या ओळी मोजाव्यात. ती संख्या शून्य किंवा एकूण ओळींइतकी असावी. मधली कोणतीही संख्या आली, तर एक तर सरमिसळ झाली आहे किंवा आतल्या नव्या ओळी वेगळ्या प्रकारच्या आहेत.

नोंदींची संख्या डब्ल्यूसी या ओळी मोजणाऱ्या साधनाने मोजून टेबलशी ताडू नये. ते साधन फक्त ०ए मोजते, त्यामुळे आतल्या नव्या ओळीही त्यात धरल्या जातात आणि शेवटी ०ए नसलेली अखेरची नोंद सुटते. मोजणी सीएसव्ही समजणाऱ्या प्रोग्रामनेच करावी.

खरी कसोटी म्हणजे फाइल एका रिकाम्या टेबलमध्ये परत लोड करून मूळ टेबलशी नोंदीगणिक तुलना करणे. त्यासाठी मूळ टेबलच्या प्रतीत एक मुद्दाम अवघड नोंद घालावी: जोडकासह लिहिलेला ‘दऱ्या’, एक इमोजी, अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, टॅब, बॅकस्लॅश, दोन्ही प्रकारच्या नव्या ओळी, अखेरीस मोकळी जागा, एका कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग आणि शेजारच्या कॉलममध्ये नल, म्हणजे मूल्यच नसणे. ही नोंद जशीच्या तशी परत आली, तर बाकीच्या लाखो नोंदींबद्दल भरवसा धरता येतो. लक्ष्य टेबलमधील कॉलमची लांबी बाइटांत मोजली जात असेल, तर तीही याच वेळी तपासून घ्यावी. ‘मराठी’ या शब्दात पाच चिन्हे असली, तरी यूटीएफ-८ मध्ये त्याला पंधरा बाइट लागतात.

फाइल दुसऱ्याच्या हाती देताना सोबत एक छोटी टिपणाची फाइल द्यावी. तिच्यात एन्कोडिंग, बीओएम आहे की नाही, ओळीचा शेवट, कॉलम वेगळे करणारे चिन्ह, नल कसे लिहिले आहे, नोंदींची संख्या आणि फाइलचा चेकसम (बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) एवढे असावे. घेणाऱ्याने चेकसम पुन्हा काढून पाहावा. तो जुळला नाही, तर फाइल वाटेत बदलली आहे आणि ती पुन्हा मागवावी. जुळला आणि तरीही मजकूर बिघडलेला दिसला, तर शोध वाचणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगपासून सुरू करावा.